आरसे, बैल आणि प्रल्हादची वही

पुण्याहून कामरगावला सुटी घालवायला कोणी जात नाही. तिथे थंड हवा नाही, समुद्र नाही, किल्ला नाही. अकोला जिल्ह्याच्या नकाशावर कारंज्याच्या आसपास बोट फिरवलं तर ते सापडतं, आणि मला जायचं होतं ते गाव त्याच्याही पुढे दोन कोसांवर होतं, नकाशावर नसलेलं. मी गेलो तो एका पोस्टकार्डामुळे.

पोस्टकार्ड प्रल्हादच्या वडलांचं, किसनबुवांचं होतं. अक्षर त्याच्या बहिणीचं, कुसुमचं. पण तिने वडील जसे बोलले तसंच उतरवलं होतं : "प्रल्हादले जाऊन वर्ष होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला हाय. लोक विचारतात, तुह्या पोरानं पुन्यात काय काम केलं. मले सांगता येत नाही. तुमी या अन् मले समजावून सांगा. मंग लोकायले मी सांगीन."

प्रल्हाद आणि मी सहा वर्षं एका प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. दोघेही कमी बोलणारे, त्यामुळे मैत्री कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. मागच्या हिवाळ्यात तो काविळीने गेला. त्याची वही माझ्याकडे आली. ती तपासून, नीट लिहून काढून आमच्या प्रमुखांना द्यायची, एवढंच काम माझ्यावर होतं. मी ती तपासत आणली आणि शेवटच्या चौदा पानांशी थांबलो. चौदा पानं वर्षभर तशीच राहिली.

तो काय करत होता हे इथेच सांगतो. ज्यांना पदार्थविज्ञानाचा कंटाळा आहे त्यांनी एक परिच्छेद सोसावा. तारेतून जसा निरोप जातो तसा केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाशाने पाठवता येतो. ठरलेल्या ठोक्याला प्रकाश चमकला तर एक अर्थ, नाही चमकला तर दुसरा. पण लांबच्या प्रवासात चमक कधी ठोक्याच्या जरा आधी पोचते, कधी जरा नंतर. ही चूक साठत गेली की निरोपाचा चिवडा होतो. प्रल्हादचं म्हणणं असं होतं की वाटेत काचेच्या धाग्याचाच एक लेसर बसवावा. त्यात प्रकाश गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीला तेवढाच वेळ लागतो, म्हणून त्याचा स्वतःचा ठोका पक्का असतो. बाहेरून आलेल्या वेड्यावाकड्या चमका त्याच्यात सोडल्या की तो त्यांची चाल उचलेल, पण त्यांच्या चुका उचलणार नाही. आणि तोच निरोप पुढे सरळ ठोक्यात पाठवेल.

हे मला किसनबुवांना, एका रेल्वे गँगमनला, समजावून सांगायचं होतं. मी अकरा पानी भाषण लिहून पिशवीत घातलं आणि निघालो.

कारंजा ते कामरगाव

भुसावळपर्यंतच्या आणि पुढच्याही गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसलो आणि उतरलो. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने कारंजा गाठलं. तिथून जीप.

पुण्यात शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं हे आपल्याला मांडव पडल्यावर कळतं. इथे जीप कारंज्याच्या वेशीबाहेर पडायच्या आत माझं नाव, पगार, लग्न झालं आहे की नाही, नसल्यास कायले नाही, आणि पोटाची तक्रार आहे का, हे सगळं सर्वांना माहीत झालं. पोटाची तक्रार मी सांगितली नव्हती. ती माझ्या चेहऱ्यावरून ठरवण्यात आली. शेजारच्या बाईंनी मला न विचारता आपलं झोपलेलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पलीकडच्या बाईशी बोलायला मोकळ्या झाल्या. मी हालचाल न करता, श्वासही बेताने घेत बसून राहिलो. कामरगावला त्यांनी लेकरू उचललं तेव्हा ते जागं होतं. मी त्याला झोपू दिलं नाही असं त्या जीपमधल्या सगळ्यांना सांगून त्या उतरल्या.

कामरगावला प्रल्हादचा चुलतभाऊ सखाराम बैलबंडी घेऊन आला होता. त्याने मला पाहिलं नव्हतं, तरी गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. कसं ओळखलंत, असं विचारल्यावर म्हणाला, "पुस्तकावानी मानूस दिसला." पुढचे दोन कोस तो बोलला नाही आणि मीही बोललो नाही. मला तो फार आवडला. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती, तुरी पिवळ्या पडल्या होत्या, आणि मधूनमधून हरभऱ्याचं एखादं शेत इतकं हिरवं की बैलसुद्धा चालता चालता तिकडे मान वळवत होते.

गाव

किसनबुवा अंगणात उभे होते. उंच, वाळलेले, पाय जरा फाकवून उभे राहायची सवय. आयुष्यभर रुळाच्या दोन बाजूंना पाय ठेवून काम केलेल्या माणसाची ती उभं राहण्याची रीत. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला धरून उभं केलं आणि म्हणाले, "जयभीम. वर्ष लावलं यायले."

 गाडी वेळेवर होती एवढंच डोक्यात आलं, ते सांगण्यात अर्थ नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची, ज्यांना इकडे सोले म्हणतात त्यांची आमटी, आणि हिरवा ठेचा. आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढणारा थांबतो. इथे 'पुरे' हा जेवणातला एक उपचार आहे, पानावर मीठ वाढावं तसा. तो झाल्यावर खरं वाढणं सुरू होतं. चौथ्या भाकरीला मी हात पानावर आडवा धरला. कुसुमने भाकर हातावर ठेवली. ठेच्याबद्दल मी लिहिणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ते दुःखाचं समजून माना खाली घातल्या, आणि तो गैरसमज दूर करण्याचं धैर्य मला झालं नाही. तसा तो पूर्ण गैरसमजही नव्हता.

कुसुम गावच्या शाळेत शिकवते. जेवणानंतर तिने माझं भाषण मागून घेतलं आणि ओट्यावर बसून अकराच्या अकरा पानं वाचली. मग कागद परत देत म्हणाली, "चांगलं हाय, भाऊ. पन यात आमचा दादा कुठं हाय?"

मी शेवटच्या पानावरचं त्याचं नाव दाखवलं. तिने ते पाहिलं होतं.

किसनबुवांना समजावण्याचा माझा पहिला प्रयत्न त्याच दुपारी झाला. मी पाण्याच्या लाटांपासून सुरुवात केली, आरशांवर गेलो, तारायंत्रावर आलो. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला 'हो, हो' म्हणत होते. मला उत्साह आला. अर्ध्या तासाने मी थांबलो आणि विचारलं, समजलं का?

"नाही," ते म्हणाले.

मग आपण हो हो का म्हणत होतात, असं मी चाचरत विचारलं.

"त्याले बी हो हो म्हनो. उन्हायात घरी आला का सांगे, रातभर सांगे. आपल्याले कायचं समजते? पोरगं खुश रायलं पायजे म्हून हो म्हनलं." मग म्हणाले, "एक डाव नाही म्हनलं असतं त त्यानं पुन्हा सांगतलं असतं. आता तुले नाही म्हनून राह्यलो. तू सांग पुन्हा."

कार्यक्रम परवावर आला होता.

नाल्याच्या दोन बाजू

बोलून जमत नाही तर करून दाखवावं, असं मी ठरवलं. शिक्षकी पेशातल्या बहुतेक दुर्घटनांची सुरुवात याच विचाराने होते.

गावाबाहेर नाला आहे. अलीकडे किसनबुवांचं शेत आणि विहीर, पलीकडे तांड्याच्या वाटेवर एक टेकाड. विहीर ते टेकाड सरळ नजर पोचते, आवाज पोचत नाही. टेकाडावर आरसा धरून निरोप पाठवायचा आणि विहिरीवर तो घ्यायचा, अशी माझी योजना. न्हाव्याचा आरसा मागून आणला. तो धरायला तांड्यातले गुलाबभाऊ तयार झाले. ते मानोऱ्याकडून येऊन इथे राहिलेले, प्रल्हादचे शाळासोबती, मोठे हौशी आणि बोलके. त्यांचं हरभऱ्याचं शेत किसनबुवांच्या विहिरीला लागूनच होतं. विहिरीवर कागद-पेन्सिल घेऊन सखाराम बसला, बंडीचे बैल शेजारी बांधलेले.

मी नियम सांगितले. मनात सावकाश ठोके मोजायचे. पहिल्या ठोक्याला चमक, म्हणजे 'ऐका'. पुढच्या तीन ठोक्यांत निरोप. ठोक्याला आरसा उघडा तर उजेड, त्यावर गमछा तर अंधार. अंधार-उजेड-उजेड म्हणजे 'चहा आणा'. इतर निरोप काय असावेत असं विचारल्यावर सखारामने शेतावर उपयोगी पडतील असे सुचवले, त्यामुळे यादीत अंधार-अंधार-उजेड म्हणजे 'बैल सोडा' असं आलं. मी ते हसून लिहून घेतलं होतं.

सकाळचं ऊन चांगलं होतं. किसनबुवा बांधावर उकिडवे बसले, कुसुम आणि शाळेतली काही मुलं मागे. मी गुलाबभाऊंबरोबर टेकाडावर होतो. त्यांनी 'चहा आणा' पाठवायला घेतलं. पहिली चमक सुरेख गेली. मग एक ठोका अंधार, आणि नेमका तेव्हा वाटेने एक म्हातारा आला आणि "रामराम, गुलाब" म्हणाला.

आमच्याकडे असं झालं असतं तर माणसाने हातातलं काम दाखवून मान हलवली असती. कदाचित मानही हलवली नसती. गुलाबभाऊंनी गमछा आरशावर तसाच ठेवून म्हाताऱ्याला रामराम घातला आणि 'गुडघा कसा हाय?' असंही विचारलं; त्यात एक ठोका जास्तीचा गेला. मग वळून राहिलेल्या दोन चमका अगदी नियमाप्रमाणे पाठवल्या.

पलीकडे सखारामने अंधार, अंधार, उजेड असं लिहिलं, यादी पाहिली आणि उठून बैल सोडले. शेवटची एक चमक जास्तीची आली होती. ती 'लवकर' अशी असावी असं त्याने स्वतःच्या बुद्धीने ठरवलं, आणि बैलांच्या पाठीवर एकेक थापही मारली. बैलांना कालपासून कुठे जायचं होतं ते मी वर लिहिलंच आहे. ते सरळ गुलाबभाऊंच्या हरभऱ्यात शिरले.

टेकाडावरून आम्हाला हे स्पष्ट दिसत होतं. गुलाबभाऊ आरसा हलवून ओरडू लागले. आरसा हलत असल्यामुळे विहिरीवर असंख्य चमका पोचल्या, आणि सखाराम खाली बसून त्या सगळ्या लिहून घेऊ लागला.

बैल बाहेर काढून, गुलाबभाऊंची समजूत घालून दुसऱ्यांदा सुरुवात करायला तास गेला. या वेळी मी विहिरीवरच थांबलो होतो. वाटेने कोणीच आलं नाही. गुलाबभाऊंचे ठोकेही बरे पडले. पण आता सखारामला अनुभव आला होता. गुलाब मध्ये बोलत असणारच, असा हिशेब करून त्याने एक अंधार आपणहून वजा केला. निरोप पुन्हा चुकला. मी त्याला म्हटलं, अहो, या वेळी कोणी आलं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, "मले इथून काय दिसते? मी त्याचा सभाव पायला."

मी विहिरीच्या काठावर बसलो. डोक्यावर ऊन आलं होतं, भाषणाची अकरा पानं घरी होती, आणि प्रल्हादच्या कामाबद्दल गावाला एवढंच कळलं होतं की त्याने हरभऱ्याचं नुकसान होतं.

तेव्हा किसनबुवा बांधावरून उठले.

"हा त्याच्या चुका मोजून राह्यला," ते सखारामकडे बोट करून म्हणाले, "तो आपले पाहुने मोजून राह्यला. ठोका कोन मोजून राह्यला?"

मी म्हणालो, दोघंही. आपापल्या मनात.

"मनात ठोका ठेवून रूळ सरकते का, बापू?"

मग त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. रूळ सरकवायचा म्हणजे आठ माणसं आठ सब्बला, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन एका बाजूला उभी राहतात. आठांनी एकाच क्षणी जोर लावला तर रूळ हलतो, नाहीतर आठ माणसं दमतात आणि रूळ जागेवर. म्हणून एकजण हाक देतो. सतरा वर्षं ती हाक किसनबुवांनी दिली. लोकांना वाटतं, हाक देणारा आपल्या मर्जीने हाक देतो. तसं नसतं. तो आधी गँगचा दम पाहतो, माणसं कोणत्या चालीत आहेत ते अंगात घेतो, आणि तीच चाल त्यांना परत देतो. पण एखाद्याचा हात घसरला, एखादा शिंकला, कोणी घाई केली, तर त्याच्यामागे जात नाही.

"सगळ्यायचा ठोका घ्या लागते," ते म्हणाले, "एकट्याची चूक नाही घ्या लागत. एकट्यामागं गेला का गँग गेली."

 हे वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत आणि सात समीकरणांसह प्रल्हादच्या वहीत आहे.

"आता याच्या-त्याच्या मधात हाक देनारा पायजे," किसनबुवा म्हणाले आणि कुसुमकडे वळले. "तुहा आरसा आन."

नाल्याच्या काठाला मधोमध एक उंचवटा आहे. तिथे ते पाय फाकवून उभे राहिले. गुलाबभाऊंना त्यांनी शाळेतल्या एका पोराकरवी निरोप पाठवला की आधी काही सांगू नको, नुसताच चमकव. आणि कोणी आलं तर खुशाल रामराम घाल, जयभीम घाल, पण हात थांबू देऊ नको. गुलाबभाऊ चमकवू लागले. चमका येत होत्या त्या बऱ्याच वेड्यावाकड्या. एक लवकर, एक उशिरा, वाटेने बायका जात होत्या तेव्हा बराच उशिरा. किसनबुवा काही वेळ नुसते पाहत होते. मग त्यांचा उजवा पाय जमिनीवर पडू लागला. सुरुवातीला तो चमकांना शोधत होता. हळूहळू तो स्थिर झाला, आणि मग चमक आधी आली काय किंवा मागून आली काय, पाय आपल्या वेळेलाच पडत राहिला.

"आता बोल म्हना त्याले."

पोरगं पुन्हा धावलं आणि गुलाबभाऊंनी निरोप सुरू केला. किसनबुवा प्रत्येक चमक पाहत आणि पुढचा पाय पडताना आपल्या आरशातून तीच विहिरीकडे टाकत. एक ठोका उशिरा, पण सरळ. सखारामने लिहिलं, यादी पाहिली, पुन्हा पाहिली, बैलांकडे पाहिलं. मग उठून घराकडे गेला आणि चहाची किटली घेऊन आला.

गुलाबभाऊ टेकाडावरून पळत आले आणि हरभऱ्याबद्दल काही न बोलता दोन कप प्याले. मी किसनबुवांना म्हणालो, प्रल्हाद करत होता ते हेच. तुम्ही उभे होतात त्या जागी काचेचा धागा, आणि तुमच्या पायाच्या जागी त्यात फिरणारा प्रकाश.

 आरसा कुसुमला परत देऊन ते बांधावर बसले. "मंग तो हे मले सांगे," ते म्हणाले, "अन् मी हो हो म्हनो."

विहारासमोर

कार्यक्रम विहारासमोरच्या मोकळ्या जागेत, सकाळी. त्रिसरण-पंचशील झालं. प्रल्हादच्या फोटोला हार घातले. फोटोत तो कधी नव्हता इतका गोरा होता. मग भाषणं. आमच्याकडे शोकसभेत वक्ते आवाज उतरवतात. इथे चढवतात, आणि प्रत्येकजण समोर बसलेल्या यच्चयावत मान्यवरांची नावं घेऊन सुरुवात करतो. पहिल्या वक्त्याने प्रल्हादला अमेरिकेला पाठवलं. दुसऱ्याने त्याला तिथे पाच वर्षं ठेवलं. तिसऱ्याने परत आणला, पण मंत्र्यांच्या आग्रहावरून. प्रल्हाद पुण्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. मी शेजारी बसलेल्या कुसुमकडे पाहिलं. ती म्हणाली, "बोलू द्या, भाऊ. त्यायले बी कोठं जाता आलं नाही."

मग माझं नाव पुकारलं. मी कागद चाचपत उठलो, तेवढ्यात किसनबुवाच उभे राहिले आणि मला हाताने खाली बसवलं. मी सांगतो, म्हणाले.

ते फोटोकडे पाठ करून उभे राहिले, पाय फाकवून. त्यांनी समोर बसलेल्यांतून आठ माणसांना उठवलं. पाचजण त्यांच्या जुन्या गँगचेच होते, तीन पोरं नवखी. सब्बल नाही, रूळ नाही. आठजण रिकामे हात पुढे करून ओळीने उभे. आधी आपापल्या मनाने लावा जोर, असं त्यांनी सांगितलं. आठ माणसं आठ वेळी वाकली. लोक हसले. मग त्यांनी हाक दिली. ती हाक लिहून दाखवता येणार नाही. आठही पाठी एकदम वाकल्या आणि एकदम उठल्या, आणि समोर बसलेल्या बायकांमधल्या कितीतरी जणी जागच्या जागी जरा पुढे झुकल्या.

"उजेड निरोप घेऊन जाते," किसनबुवा म्हणाले. "लांब जाते त त्याचे पाय मागंपुढं पडतात. मह्या पोरानं काढलं का वाटेत उजेडाचाच एक हाक देनारा उभा करा. काचीचा. तो सगळ्यायचा ठोका घेते, एकट्याची चूक घेत नाही. येवढंच काम केलं त्यानं. सहा वर्षं केलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्या क्षणी वाटलं की आता इथेच संपावं. पण सखाराम उठला. त्याच्या मनात काही खोट नव्हती. विहिरीवर बसल्यापासून विचार करत आलेला माणूस होता तो.

"काका," त्याने विचारलं, "मंग ते चाललं का?"

किसनबुवांना हे माहीत नव्हतं. ते माझ्याकडे वळले. सगळं गावच माझ्याकडे वळलं.

मला सहज हो म्हणता आलं असतं. अमेरिका झालीच होती, तिच्यापुढे हे काही मोठं नव्हतं. शिवाय तपासायला पुण्याहून कोण येणार होतं? पण समोर उभा होता तो माणूस हो हो म्हणण्याचं काय होतं ते मला दोन दिवसांपूर्वीच सांगून गेला होता.

"नाही," मी म्हणालो. "त्याला हवा होता तसा धागा मिळालाच नाही. सगळं कागदावर आहे. मी तपासलं तिथवर बरोबर आहे."

"तिथवर म्हंजे कुठवर?" किसनबुवांनी विचारलं.

"शेवटची चौदा पानं राहिली आहेत."

"कोनाची राह्यली? त्याची?"

"त्यानं लिहिली आहेत. माझी वाचायची राहिली आहेत."

"काहून?"

 उत्तर एवढ्या लोकांसमोर देण्यासारखं नव्हतं. ती पानं वाचून झाली की त्याचं नवीन काही वाचायला उरणार नाही, असं काहीतरी ते होतं.  किसनबुवांना ते बोलल्याशिवाय समजलं असावं, कारण पुढचं त्यांनी जरा हळू विचारलं.

"वर्ष झालं ना?"

"झालं."

ते लोकांकडे वळले. "चाललं नाही," त्यांनी सखारामला मोठ्याने सांगितलं. "चालू हाय." मग मला म्हणाले, "तू इथं काय करून राह्यला मंग? जाय. दुपारच्या जीपनं जाय." आणि मी खरोखरच उठायला लागलो तेव्हा खांद्यावर हात ठेवून, "जेवून जाय."

रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मी पुरे म्हणालो नाही.

पुणे

परत येऊन अडीच महिने झाले. हा मजकूर मी रविवारी थोडा थोडा लिहिला, कारण इतर दिवशी मी वही वाचतो. त्या चौदांतल्या नवव्या पानावर मला प्रल्हादची एक चूक सापडली. एका ठिकाणी वजाचं चिन्ह हवं होतं, त्याने अधिकचं घातलं होतं, आणि त्यामुळे पुढचा सगळा ठोका बिघडत होता. तो असता तर दोन दिवस माझ्याशी बोलला नसता. मी किसनबुवांना पोस्टकार्डाने कळवलं की काम पुढे सरकलं आहे, पण एक चूक निघाली आहे, आणि वाईट वाटून घेऊ नये.

आठवड्याने उत्तर आलं. अक्षर कुसुमचं, बोलणं त्यांचं. "चूक त्याची हाय का तुही, हे आधी पाय. घाई नको करू."

मी दोन दिवस पाहिलं. चूक माझी होती. आता दहावं पान सुरू आहे.